राज्य कुणावर? खेळाआधीच्या भांडणाचं विज्ञान

संध्याकाळी पाच-सहा मुलं अंगणात जमली, तरी खेळ लगेच सुरू होत नाही. आधी सुटायचं असतं. काही ठिकाणी याला चकणं म्हणतात. मग भोज्या कुठला, जिन्यात लपलेलं चालेल का, टाइमप्लीज किती वेळा घ्यायची, आणि धाकटी बहीण मागे लागलीच आहे तर तिला लिंबूटिंबू करायचं का, यावर चर्चा होते. गॅलरीतून पाहणाऱ्याला वाटतं, ही मुलं खेळतात कमी आणि भांडतात जास्त. पण मुलांच्या वाढीच्या दृष्टीनं ही वादावादी म्हणजे खेळाचा गाभा आहे, आणि गेल्या दोन पिढ्यांत मुलांच्या हातून निसटला आहे तो नेमका हाच भाग.

सुटण्याचीच पद्धत पाहा. तिघं हात पुढे करतात, कुणाचा पंजा पालथा, कुणाचा उताणा, आणि वेगळा पडतो तो सुटतो. तिघांत कुणीतरी एक वेगळा पडण्याची शक्यता चारात तीन असते. सहाजणांनी एकदम हात टाकले, तर नेमका एकच वेगळा पडण्याची शक्यता सोळात तीनवर येते. म्हणून मुलं तिघातिघांत सुटतात. शेवटी दोघंच उरले की वेगळं पडणार कोण? मग आधी सुटलेला एकजण नुसता मदतीला हात टाकतो. उरलेल्या दोघांना यात समान संधी मिळते. संभाव्यता शाळेत शिकवली जाण्याच्या कितीतरी आधी मुलांनी न्याय्य निवडीची ही युक्ती एकमेकांकडून उचललेली असते.

लिंबूटिंबूची सोय मला याहून मोलाची वाटते. चार वर्षांचं मूल खेळात असतं, पण आउट होत नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. त्याला पळायचं, लपायचं, ओरडायचं असतं, आणि ते करता करता मोठ्यांचं पाहून नियम शिकायचे असतात. दहा वर्षांच्या मुलालाही याच वेळी अवघड काम करावं लागतं. त्याला आपला वेग आवरावा लागतो आणि धपाटा हलका मारावा लागतो. मोठा कुत्रा पिल्लाशी खेळताना मुद्दाम उताणा पडतो, तेही हेच. बलवान सतत जिंकत राहिला तर दुबळा खेळ सोडून जातो आणि खेळच संपतो, म्हणून आवर घालावा लागतो.

हा आवर मेंदूत कसा घडतो, याचा शोध कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठात सर्जिओ पेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर घेतला. काही पिल्लं बरोबरीच्या पिल्लांसोबत वाढवली, काही फक्त प्रौढ माद्यांसोबत. प्रौढ मादी पिल्लाला सोबत देते, पण त्याच्याशी दंगामस्ती जवळजवळ करत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार खेळलेल्या पिल्लांच्या मेंदूच्या पुढच्या भागात, मध्यरेषेजवळ, चेतापेशींच्या फांद्यांची छाटणी झालेली होती. न खेळलेल्या पिल्लांत त्या तशाच दाट राहिल्या होत्या. वाढत्या मेंदूत अशी छाटणी लागते, माळी झाड छाटतो तशी. आणखी एक गोष्ट दिसली : डोळ्यांच्या खोबणीवरच्या भागात खेळापेक्षा सोबती किती होते यानं फरक पडला. उंदरांवरून माणसाच्या मुलांविषयी थेट निष्कर्ष काढता येत नाही. तरी मायेची सोबत आणि बरोबरीचा भिडू या दोन वेगळ्या गरजा असाव्यात, असं यातून सुचतं.

स्वित्झर्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे मुलांना गोट्या खेळताना पाहत आणि नियमांबद्दल प्रश्न विचारत. १९३२ साली त्यांनी मांडलं की लहान मुलांना नियम मोठ्यांनी घालून दिलेले, न बदलणारे वाटतात. दहा-बाराव्या वर्षापर्यंत त्यांना उमगतं की सगळे कबूल असतील तर नियम बदलता येतो. एवढी मोठी समज भांडणाशिवाय येणं कठीण.

मग बदललं काय? इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं एकटी शाळेत जात. १९९० साली हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं. तेव्हा मोबाइल मुलांच्या हातात नव्हता, वाढली होती ती रस्त्यावरची वाहनं आणि पालकांच्या मनातली धास्ती. आपल्याकडे अंगणाचं पार्किंग झालं आणि उरलेल्या मातीवर पेव्हर ब्लॉक बसले. त्यात गोट्यांसाठी गल खणता येत नाही, विटीही कोलता येत नाही. क्रिकेटच्या क्लासला मुलं जातात, पण तिथे बॅच एका वयाची असते, वेळ प्रशिक्षक ठरवतो आणि आउट की नाही हेही तोच सांगतो. मोबाइलवरच्या खेळात तर नियम यंत्रानं आधीच पक्के केलेले असतात. रडीचा डाव खेळायचीही सोय नाही. व्यायाम किंवा कौशल्य यांतून मिळू शकतं. एकमेकांना कबूल करायला लावायची सवय मात्र लागत नाही.

सोसायटीत हे परत आणायचं असेल तर फार खर्च नाही. पाच ते बारा वयाची किमान सहा-सात मुलं आणि सलग सव्वा ते दीड तास हवा. अर्ध्या तासाच्या वेळेत सुटणं आणि वाद होतात, डाव रंगायच्या आत हाका येतात. पार्किंगची एक पट्टी रोज ठरावीक वेळी रिकामी ठेवा आणि दोन्ही टोकांना अडथळे लावून गाड्या थांबवा. लगोरीसाठी सात चपट्या फरश्या पुरतात : सर्वांत खालची पंजाएवढी, वरची त्याच्या निम्मी, कडा घासलेल्या. चेंडू कापडी किंवा मऊ रबरी ठेवा, कारण या खेळात तो पाठीत बसतोच. रेषा चार-पाच मीटरवर, लहानांसाठी जवळ. किती जवळ ते मुलांना ठरवू द्या. झोपाळा किंवा घसरगुंडी असेल तर खाली वाळूचा किमान नऊ इंचांचा थर हवा. पावसानंतर वाळू दबून घट्ट होते, तेव्हा ती खणून मोकळी केली नाही तर थर असून उपयोग नाही.

मोठ्या माणसानं दिसेल इतकं जवळ आणि बोलणं नीट ऐकू येणार नाही इतकं लांब बसावं. खरी मारामारी आणि दंगामस्ती यांतला फरक चेहऱ्यावर कळतो. मस्तीत तोंड हसरं असतं, वर-खाली आलटूनपालटून होतं आणि सुटल्यावर मुलं पुन्हा एकत्रच येतात. खऱ्या भांडणात जबडे आवळलेले असतात, एकच मूल सतत खाली असतं आणि सुटताच ते दूर पळतं. तेव्हा लगेच मध्ये पडावं. रोज एकावरच राज्य येत असेल, तेव्हाही.

आणि मूल घरी येऊन ‘तो रडीचा डाव खेळला’ म्हणून रडायला लागलं, तर त्या मुलाच्या आईला फोन करण्याआधी एवढंच विचारा : मग तुम्ही सगळ्यांनी काय ठरवलंत?