सहा हजारांचा हिशेब: गोव्यातल्या बाळंतिणींसाठी आलेल्या सरकारी पैशाची पार्श्वभूमी

माझ्या आजीची सगळी बाळंतपणं घरीच झाली. वैजीण यायची, बाळाला न्हाऊ-माखू घालायची, आणि बारसं आटोपलं की तांदूळ, नारळ नि एक लुगडं घेऊन जायची. या व्यवहारात सरकार कुठंच नव्हतं. पोर्तुगीज अमलात १८४२ पासून पणजीत वैद्यकीय शाळा होती. मडगावचं हॉस्पिसियो रुग्णालय १८६७ मध्ये एका पाद्रीच्या पुढाकारानं उभं राहिलं. पण ही सोय शहरातली आणि बरीचशी दानधर्मावर चालणारी.

एक योगायोग सांगण्यासारखा आहे. भारताच्या प्रसूती लाभ कायद्याला मंजुरी मिळाली १२ डिसेंबर १९६१ रोजी, आणि बरोबर आठवड्यानं, १९ तारखेला, गोवा मुक्त झाला. त्या कायद्याचे पैसे मात्र मालकानं द्यायचे. काजूच्या बागायतीत किंवा मासळी बाजारात राबणाऱ्या बाईला मालक कुठला?

मुक्तीनंतर १९८७ पर्यंत गोवा केंद्रशासित होता, त्यामुळे पैशाचा उगम दिल्लीत. आणि दिल्लीतून येणारा बराचसा पैसा आईच्या नावानं नव्हे, तर कुटुंबनियोजनाच्या नावानं यायचा. लाल त्रिकोणाचे फलक जुन्या पिढीला आठवत असतील. गावात येणाऱ्या नर्सबाईकडे गरोदर बायांची तपासणी असायची, तसं नसबंदीच्या शस्त्रक्रियांचं लक्ष्यही असायचं. ही लक्ष्यं देशभर उठली ती १९९६ मध्ये. अंगणवाडीची एकात्मिक बालविकास योजना १९७५ ची, सार्वत्रिक लसीकरण १९८५ चं. राज्य लहान, रस्ते झालेले, मुली शिकलेल्या. त्यामुळे या दोन्हींचा गोव्याला चांगला फायदा झाला. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतच दवाखान्यातल्या प्रसूतींत गोवा देशात वरच्या रांगेत होता.

आणि खरी गंमत इथून सुरू होते. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, सोबत जननी सुरक्षा योजना. तिचा हेतू बाईला दवाखान्यापर्यंत आणण्याचा. बिहार-उत्तर प्रदेशात तो प्रश्न जळता होता. आपल्याकडे तो बहुतेक सुटलेला होता. ज्या राज्यांत दवाखान्यात बाळंतपणं आधीच होत होती, तिथं ही मदत फक्त दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या बायांपुरती ठेवली, तीही ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये. गावडा, कुणबी आणि वेळीप समाज २००३ मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत आले, म्हणून केपे-काणकोणच्या कितीतरी बाया या चौकटीत बसल्या. दोन वर्षं उशीर झाला असता तर? धनगरांना मात्र जमातींच्या यादीचं दार बंदच राहिलं. देशभर गाजलेल्या आशा कार्यकर्त्या तर गोव्यानं नेमल्याच नाहीत. ते काम नर्सबाई आणि अंगणवाडी सेविकेच्या वाट्याला आलं.

२०१० मध्ये इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना निवडक ५३ जिल्ह्यांत सुरू झाली. गोव्यातून निवड झाली उत्तर गोव्याची. म्हणजे उत्तरेतल्या बार्देशच्या सुनेला ४,००० रुपये आणि दक्षिणेतल्या सासष्टीच्या सुनेला काहीच नाही. मग २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत मात्र पहिल्या बाळासाठी मिळतात ५,०००. उरलेले जननी सुरक्षेतून मिळून सरासरी सहा हजार होतात, असं सरकारचं म्हणणं. गोव्यात हा हिशेब मांडून बघा. ग्रामीण, पात्र बाईचे झाले ५,७००. अपात्र असेल तर पाच हजारच. २०२२ पासून दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० मिळतात. म्हणजे कायद्यातला पूर्ण आकडा दिसतो, तोही दुसऱ्या वेळेला, आणि मुलगी झाली तरच.

राज्याची स्वतःची ममता योजनाही मुलीच्याच जन्माशी बांधलेली: मुलगी झाली की आईला १०,००० रुपये. सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण २००१ मध्ये हजार मुलांमागे ९३८ आणि २०११ मध्ये ९४२ होतं, त्यामागची काळजी समजते. तरी मला हे पटत नाही. मुलगा झालेल्या गरीब बाळंतिणीची भूक काही कमी नसते.

मातृ वंदनेचा खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० अशा वाटणीनं होतो. आरोग्य अभियानातही २०१५-१६ पासून हेच प्रमाण आहे, त्याआधी केंद्राचा वाटा मोठा होता. पूरक पोषण आहाराला निम्मा-निम्मा.

आता २०१९-२० च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले गोव्याचे आकडे: दवाखान्यात प्रसूती ९९.७ टक्के, सिझेरियन ३९.५ टक्के, आणि पाच वर्षांखालची उंचीनं खुरटलेली मुलं २५.८ टक्के, जी आधीच्या पाहणीत २०.१ होती. बाळंतपण पार पडतं, पुढं मूल वाढत नाही. तिथं लागणारा पैसा म्हणजे रोजचं अंडं, उसळ, वजनकाटा आणि तो काटा वाचणारी बाई.

सत्तरी तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मागच्या पावसाळ्यात गेलो होतो. एक लेकुरवाळी पासबुक घेऊन बसली होती. पासबुकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, हप्ता अडकलेला. सेविका एका हातानं बाळ काट्यावर धरून दुसऱ्या हातानं मोबाइलवर वजन भरत होती. रेंज नव्हती. तिनं आकडा आधी तळहातावर पेनानं लिहिला आणि मोबाइल घेऊन उताराच्या वळणापर्यंत चालत गेली.