कोकराचा पहिला श्वास आणि कटिंगभर पाणी

दिवाळीनंतर आमच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या, चार रात्रींसाठी. तिसऱ्या दिवशी पहाटे मी आणि भाचा चक्कर मारायला गेलो तर एक मेंढी नुकतीच व्याली होती आणि कोकरू पिळून टाकलेल्या फडक्यासारखं पडलेलं, पिवळट चिकट, हालचाल काहीच नाही. मला वाटलं गेलं हे. भाचा म्हणाला मामा ह्याला मागच्या पायांनी धरून गरागरा फिरवायचं असतं, मी रीलमध्ये बघितलंय. मेंढपाळांच्या वाड्यावरच्या मावशी म्हणाल्या, "हात लावू नको." मग दोन बोटांनी कोकराच्या तोंडातला, नाकातला चिकटा काढला, वाळक्या गवताची एक काडी उचलली आणि सरळ नाकपुडीत घातली. कोकरू शिंकलं. मान झटकली, आणि पोट पार आत ओढून एक श्वास घेतला, मग थांबलं, मग दुसरा. मावशींनी त्याला छातीवर बसवलं, पाय पोटाखाली घेऊन, आणि मेंढीच्या तोंडासमोर सरकवलं. ती चाटायला लागली.

त्यानंतर मी ह्या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटलो, कारण डोक्यात एकच प्रश्न होता, पाच महिने पाण्यात राहिलेला जीव एका शिंकेत हवेवर कसा येतो?

तर पहिली गोष्ट म्हणजे पोटात असताना कोकराची फुफ्फुसं रिकामी नसतातच, ती पाण्याने भरलेली असतात. आणि हे पाणी बाहेरून आत गेलेलं नसतं, मला आधी तसंच वाटायचं. ते फुफ्फुस स्वतः तयार करतं. आतल्या पेशी मिठातला क्लोराइड आतल्या पोकळीत ढकलत राहतात आणि त्याच्यामागे पाणी येतं. दिवस भरत आले की वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिली, म्हणजे अडीच-तीन किलोच्या कोकरात कटिंग चहाचा एक ग्लास धरा. हे पाणी फुकटचं ओझं नाही बरं का, त्याच्या दाबावरच फुफ्फुस फुगलेलं राहतं आणि वाढतं. गाभण मेंढ्यांवरच्या प्रयोगात हे पाणी सतत काढून टाकलं तर फुफ्फुस खुरटंच राहिलं.

आणि कोकरू पोटात श्वासाची प्रॅक्टिस पण करतं! १९७२ मध्ये ऑक्सफर्डच्या जेफ्री डॉझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढीच्या पोटातल्या कोकरांच्या छातीच्या हालचाली मोजून छापल्या, तर दिवसातला साधारण ४० टक्के वेळ छाती हलत होती, तीसुद्धा मुख्यतः डोळे फिरत असणाऱ्या झोपेत. हवा नाही काही नाही, नुसती तालीम. ऑक्सिजन तर सगळा नाळेतून, आणि तोही इतका कमी की केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट ह्या अवस्थेची तुलना एव्हरेस्टवर राहण्याशी करायचे.

आता खरी गंमत जन्माच्या वेळी. कळा सुरू झाल्या की कोकराच्या अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि ज्या पेशी इतके दिवस पाणी आत ढकलत होत्या त्याच उलट्या फिरतात, पोकळीतला सोडियम शोषून घ्यायला लागतात आणि त्याच्यामागे पाणी परत शरीरात. पेशी त्याच, दिशा उलटी. म्हणून कळा न येता बाहेर काढलेल्या पिल्लाला ही तयारी कमी मिळते आणि त्याची धाप जास्त वेळ चालते, सिझेरियन झालेल्या बाळांतही डॉक्टर हे बघतात. उरलेलं पाणी पहिल्या काही श्वासांच्या ओढीने आत सरकतं, हवेच्या पिशव्यांच्या भिंतीपलीकडे. हे नुसतं अनुमान नाही, ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या स्टुअर्ट हूपर ह्यांच्या टीमने जपानमधल्या स्प्रिंग-८ ह्या प्रचंड एक्स-रे यंत्रावर नुकत्याच जन्मलेल्या सशाच्या पिल्लांची फिल्म घेतली, तर त्यात प्रत्येक श्वास आत घेताना हवा एकेक टप्पा खाली उतरताना दिसते. श्वास घेताना उतरते, सोडताना नाही.

म्हणजे फुफ्फुसातलं पाणी तोंडावाटे बाहेर सांडायचं नसतंच मुळात! पाय धरून फिरवल्यावर जे गळतं ते बरंचसं पोटातलं असतं, आणि उलटं टांगल्यावर आतडी-बितडी सगळी छातीच्या पडद्यावर येऊन बसतात, म्हणजे ज्याला आधीच श्वास जड जातोय त्याच्यावर वर आणखी वजन. आता बरेच पशुवैद्यसुद्धा फिरवू नका म्हणतात. नाकात काडी, अंग खसाखसा पुसणं, छातीवर बसवणं, बास. छातीवर बसवलं की दोन्ही फुफ्फुसं मोकळी राहतात, आडवं पडलं तर खालचं दबतं. मावशींनी ह्यातलं काही वाचलेलं नव्हतं.

पाणी गेलं तरी प्रश्न संपत नाही. दुधाची पिशवी धुवून वाळत घालतो ना आपण, तिच्या दोन बाजू ओल्या असताना एकमेकींना कशा चिकटतात बघा, सोडवायला नखं लावावी लागतात. फुफ्फुसात अशा लाखो ओल्या पिशव्या. दर वेळी श्वास सोडला की त्या चिकटल्या तर प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच अवघड. त्यावर निसर्गाने काढलेला उपाय म्हणजे सर्फॅक्टंट, एक साबणासारखा मेणचट थर जो पाण्याचा ताण मोडतो. तो कोकरात तयार होतो शेवटच्या काही आठवड्यांत, म्हणून आधी जन्मलेलं कोकरू श्वास घेतं पण टिकवू शकत नाही. माणसाच्या कमी दिवसांच्या बाळांचंही हेच, हे १९५९ मध्ये अमेरिकेत मेरी एलन एव्हरी आणि जिअर मीड ह्यांनी दाखवलं.

आणि इथेच न्यूझीलंडची मेंढी येते. ऑकलंडचे डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स ह्यांना खरं तर बाळंतकळा कोण सुरू करतं हे शोधायचं होतं, आई की पिल्लू. त्यासाठी ते पोटातल्या कोकरांना कॉर्टिसोलसारखी औषधं देत होते, आणि कोकरं लवकर जन्मायची. मेंढीचे दिवस साधारण १४७, ही १२० च्या आसपासची, म्हणजे जन्मली तरी मेलेलीच असायला हवीत. पण त्यातली काही श्वास घेत होती! उघडून बघितलं तर फुफ्फुसात थोडी का होईना हवा भरलेली. औषधाने फुफ्फुस वेळेआधी पिकवलं होतं, आडीत घातलेल्या आंब्यासारखं. लिगिन्सनी हे १९६९ मध्ये छापलं, आणि रॉस हाउवी ह्या बालरोगतज्ज्ञांबरोबर लगेच २८२ आयांवर चाचणी केली. १९७२ च्या निकालात श्वासाचा तो जीवघेणा त्रास औषध मिळालेल्या गटात ९ टक्के बाळांना, न मिळालेल्या गटात जवळजवळ २६ टक्के. आपल्याकडे सातव्या-आठव्या महिन्यात कळा आल्या की "बाळाच्या फुफ्फुसांचं इंजेक्शन" देतात ते हेच घराणं. एवढं असूनही अमेरिकेत हे सर्रास वापरा असं अधिकृतपणे सांगायला १९९४ उजाडलं, ह्याचा मला अजून राग येतो.

रक्ताचं सांगायचं राहिलंच. पोटात असताना हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी जेमतेम दहावा हिस्सा फुफ्फुसाकडे जातो, बाकी आडवाटांनी सरळ शरीरात. हवा भरली की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त तिकडे धावतं आणि आडवाटा बंद होत जातात. २०१३ मध्ये मोनॅशच्याच लोकांनी कमी दिवसांच्या कोकरांवर दाखवलं की आधी फुफ्फुसात हवा जाऊ दिली आणि मग नाळ बंद केली तर हृदयाचे ठोके स्थिर राहतात, उलट केलं तर घसरतात. रानात नाळ बहुतेक वेळा आपोआप तुटते, मेंढी उठली की.

आता वाड्यावर परत. ते कोकरू तासभर कुंथत होतं, प्रत्येक श्वास सोडताना बारीक "म्ह्... म्ह्...". भाच्याला वाटलं दुखतंय. ते दुखणं नव्हे. श्वास सोडताना कोकरू घशाचं दार अर्धं लावून घेतं, म्हणजे आतली हवा एकदम बाहेर पडत नाही, पिशव्या उघड्या राहतात आणि भिंतीपलीकडे गेलेलं पाणी परत आत येत नाही. ते पाणी पूर्ण शोषलं जायला काही तास जातात, तोवर श्वास भरभर. तास-दीड तासात कमी होत गेलं तर ठीक, वाढत गेलं किंवा बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जायला लागली तर डॉक्टरांना फोन.

आणि गारठा. ओलं कोकरू पहाटेच्या वाऱ्यात झपाट्याने गार पडतं. त्याच्याकडे किडन्यांभोवती तपकिरी चरबी असते, ती न थरथरता जळून उष्णता देते, पण जाळायला ऑक्सिजन लागतो. श्वास नीट नाही तर ऊब नाही, ऊब नाही तर चोखायला जोर नाही, चीक पोटात गेला नाही तर पुढचं सरपण संपलं. कोकराचं अंग ३९-४० डिग्रीला असायला हवं, ३७ च्या खाली गेलं की मामला गंभीर. मावशींनी तोंडात बोट घालून बघितलं. थर्मामीटर तोच. तोंड गरम लागलं तसं त्यांनी सडाची पहिली धार जमिनीवर पिळून टाकली आणि कोकराला सडाला लावलं.

चौथ्या रात्रीनंतर वाडा हलला. कोकरू घोड्यावरच्या झोळीत होतं, आणखी दोघांबरोबर, नुसती तोंडं बाहेर. भाच्याने कान लावून ऐकलं, कुंथणं थांबलं होतं.