पार्श्वभूमी: कॅडी पापवा आणि क्लबहाउसचं दार

खारघरच्या डोंगराखालच्या सिडकोच्या गोल्फ कोर्सचा विषय निघाला की ‘श्रीमंतांचे चोचले’ असं म्हणून आपण मोकळे होतो. त्यात तथ्य आहेच. मुंबईत 1918 मध्ये विलिंग्डन क्लब निघाला तेव्हा त्याचं वेगळेपण हेच होतं, की तिथे गोऱ्यांबरोबर भारतीयांनाही प्रवेश मिळे. मात्र बॅगा उचलणाऱ्या कॅडींनीही हा खेळ गाजवला आहे. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेला अली शेर 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला. त्याच्या कितीतरी आधी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये पापवा होऊन गेला.

सेवसंकर सेवगोलम हे त्याचं खरं नाव. सगळे पापवाच म्हणत. उसाच्या मळ्यांत राबायला 1860 पासून तिथल्या नाताळ प्रांतात नेलेल्या गिरमिटियांच्या (करारावरच्या भारतीय मजुरांच्या) वंशातला. लिहिता-वाचता येत नव्हतं. बीचवुड क्लबवर कॅडीचं काम करता करता तो खेळ शिकला. धडे द्यायला कुणी नव्हतं, म्हणून क्लब (गोल्फची काठी) धरायचा तोही उलटा: उजवा हात वर, डावा खाली. एखाद्या प्रशिक्षकाच्या हाती लागला असता तर त्याने पहिल्याच दिवशी ही पकड मोडून काढली असती! ग्रॅहम वुल्फ या उद्योजकाने (‘ऑइल ऑफ ओले’ क्रीम त्याचंच) मदत केली, पापवा युरोपला गेला आणि 1959 मध्ये डच ओपन जिंकून आला. पुढे 1960 आणि 1964 मध्येही ती त्याचीच.

घरी मात्र वर्णभेदाचे कायदे. 1963 मध्ये डर्बन कंट्री क्लबवर झालेल्या नाताळ ओपनमध्ये त्याला खेळण्याची परवानगी मिळाली, आणि हॅरॉल्ड हेनिंगसारख्या नामांकित गोऱ्या खेळाडूला मागे टाकून तो जिंकला. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस आला. गोरे खेळाडू क्लबहाउसमध्ये. विजेत्याला आत पाऊल टाकायला बंदी. ट्रॉफी त्याच्या हाती दिली ती बाहेर, पावसात. तो फोटो जगभर छापून आला आणि दक्षिण आफ्रिकेवर क्रीडा बहिष्कार घाला म्हणणाऱ्यांना आयताच पुरावा मिळाला.

त्या फोटोमुळे पापवा आज आठवतो, पण माझ्या मते खरा घाव नंतरचा. 1965 मध्ये त्याच स्पर्धेत त्याने चक्क गॅरी प्लेअर या जगप्रसिद्ध गोऱ्या गोल्फपटूला हरवलं, आणि हे सरकारला झेपलं नाही. पुढच्या वर्षी देशातल्या स्पर्धांची दारं त्याला बंद झाली. पासपोर्टही काढून घेतला, म्हणजे परदेशात खेळायचीही सोय उरली नाही. ऐन उमेदीतली वर्षं अशी गेली. 1978 मध्ये, पन्नाशीही न गाठता, तो गेला.

डर्बन महापालिकेच्या एका गोल्फ कोर्सला आता पापवा सेवगोलमचं नाव आहे.