हिमोफिलियातील इनहिबिटर

हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात विकार. त्याच्या तीव्र रुग्णाला शिरेतून दिलेला रक्तगोठण घटक (रुग्णांच्या बोलण्यात ‘फॅक्टर’) निष्प्रभ करणाऱ्या प्रतिपिंडांना इनहिबिटर म्हणतात. ज्याच्या रक्तात फॅक्टरची क्रियाशीलता १ टक्क्याहून कमी असते, त्याच्या प्रतिकारसंस्थेला बाहेरून आलेला फॅक्टर परका वाटतो आणि औषधालाच विरोध सुरू होतो. हिमोफिलिया ‘ए’च्या (फॅक्टर आठची कमतरता) तीव्र रुग्णांपैकी सुमारे २५ ते ३० टक्के जणांत हे घडते, ‘बी’मध्ये (फॅक्टर नऊची कमतरता) बरेच कमी, बहुधा फॅक्टर मिळालेल्या पहिल्या ५० दिवसांच्या आत, म्हणजे लहानपणीच.

नेहमीच्या मात्रेने गुडघ्यातील रक्तस्राव आटोक्यात येईनासा झाला की शंका घेतली जाते. खातरजमा बेथेस्डा चाचणीने होते : ३७ अंश सेल्सिअसला दोन तासांत फॅक्टर आठची निम्मी क्रिया नष्ट करणारे इनहिबिटरचे प्रमाण म्हणजे एक बेथेस्डा एकक. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत रक्तस्रावाच्या विकारांवर दीर्घकाळ संशोधन होत आले आहे.

उपचाराची निवड बेथेस्डा चाचणीच्या आकड्यावर बरीचशी ठरते. पातळी ५ एककांपर्यंतच राहत असेल, तर फॅक्टरची मात्रा वाढवून भागते. ती त्यापुढे गेली, की अडलेला टप्पा वगळून रक्त गोठवणारी औषधे, म्हणजे सक्रिय फॅक्टर सात किंवा सक्रिय प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स, वापरावी लागतात. पैकी पहिल्याचा परिणाम इतका अल्पकाळ टिकतो की ते दर दोन-तीन तासांनी द्यावे लागते. इनहिबिटर मुळातून घालवण्यासाठी महिनोन् महिने नियमित फॅक्टर देऊन शरीराला त्याची सवय लावतात. जर्मनीतील बॉन येथे १९७०च्या दशकात रूढ झालेली ही पद्धत बहुतांश रुग्णांत यशस्वी ठरते, पण खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असतो.

हिमोफिलिया ‘ए’साठी २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या एमिसिझुमॅबने रक्तस्राव टाळण्याचा मार्ग सोपा केला. त्वचेखाली आठवड्याला, पंधरवड्याला किंवा चार आठवड्यांनी टोचले जाणारे हे औषध फॅक्टर आठचे काम स्वतः करत असल्याने इनहिबिटर त्याच्या आड येत नाही. चालू रक्तस्राव मात्र त्याने थांबत नाही. त्याच्यासोबत प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्सच्या मोठ्या मात्रा दिल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका असतो. शिवाय रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारी एपीटीटी चाचणी फसवी, नॉर्मल दिसते. त्यामुळे रुग्णाने आपल्या औषधाची चिठ्ठी खिशात बाळगलेली बरी. अपघातानंतर जवळच्या नर्सिंग होममध्ये नेले, तर तेथील डॉक्टरला तेवढाच आधार असतो.