सोयाबीनचा उतारा आणि प्रायरची निवड : पार्श्वभूमी

मराठवाड्यात सोयाबीनचा उतारा कशावर ठरतो, याची उत्तरं बांधावर हवी तेवढी मिळतात. पेरणीची तारीख, जमिनीची खोली, वाण, ऑगस्टमध्ये शेंगा भरताना पडलेला पावसाचा खंड. रिग्रेशनमध्ये, म्हणजे कोणत्या घटकाचा उताऱ्यावर किती परिणाम होतो हे मोजणाऱ्या गणितात, असे ३० चल (घटक) घेतले आणि प्रत्येक ठेवायचा की गाळायचा असं धरलं, तर १०७ कोटींहून जास्त मॉडेलं होतात. त्यांतून निवडण्याची बेझियन रीत आधीचा अंदाज विदेनं (डेटानं) सुधारत नेते, म्हणून ती आधी प्रायर, म्हणजे तो आधीचा अंदाज, मागते. तिथेच ‘आपल्याला काही माहीत नाही’ म्हणून पसरट प्रायर देऊन मोकळं होण्याचा मोह होतो.

यातला धोका संख्याशास्त्रज्ञ डेनिस लिंडली आणि मॉरिस बार्टलेट यांनी १९५७ मध्येच दाखवला. पेरणी एक दिवस लांबली की एकरी शंभर क्विंटलांचा फरक पडू शकतो, असंही पसरट प्रायर मान्य करतो. जिथे एकरी दहा क्विंटल निघाले तरी शेतकरी समाधानी, तिथे! असल्या अशक्य आकड्यांवर वजन वाया जातं आणि पेरणीची तारीख धरणारं मॉडेल हकनाक मागे पडतं. नुसता परिणाम मोजताना असा प्रायर फारसा नडत नाही, निवडीत नडतो.

१९८६ मध्ये अर्नोल्ड झेलनर यांनी परिणामांसाठी जी-प्रायर मांडला; तो किती पसरट असावा, हे ‘जी’ (g) हा आकडा ठरवतो. जुलैचा पाऊस आणि जुलैतले पावसाचे दिवस एकमेकांत गुंतलेले असतात. ही गुंतागुंत तो विदेतूनच उचलतो. पण ‘जी’ किती धरायचा? अनेकांनी तो नमुन्याच्या आकाराइतका धरला. २००८ मध्ये लियांग आणि सहकाऱ्यांनी ‘जी’ ठरावीक ठेवण्यातली विसंगती दाखवून ‘जी’वरच प्रायर ठेवला.

मॉडेलांच्या प्रायरकडे, म्हणजे कोणतं मॉडेल आधीच किती शक्य मानायचं याकडे, तुलनेनं कमी लक्ष गेलं, आणि मला तीच खरी मेख वाटते. प्रत्येक चलाला निम्मी संधी देणं निःपक्ष दिसतं. प्रत्यक्षात ३० पैकी १० ते २० चल कामाचे आहेत, असं आपण विदा पाहण्याआधीच सुमारे ९५ टक्के खात्रीनं बोलून बसतो. ही संधीच अज्ञात मानून तिच्यावर प्रायर ठेवला, तर निरुपयोगी चलांची गर्दी वाढेल तसा नवा चल घेण्यावरचा दंड आपोआप वाढतो, हे स्कॉट आणि बर्जर यांनी २०१० मध्ये नीट उलगडलं.

त्याच वर्षी आलेला हॉर्सशू प्रायर किरकोळ परिणाम शून्याकडे ओढतो, मोठे जवळपास तसेच राहू देतो. मात्र तो कुठलाही चल पुरता गाळत नाही. म्हणून पेरणीची तारीख मॉडेलात असण्याची संभाव्यता थेट हवी असेल, तेव्हा १९८८ चा मिचेल-बोशांप यांचा ‘स्पाइक अँड स्लॅब’ आजही वापरात आहे; हा प्रायर परिणाम नेमका शून्य असण्यालाही काही संभाव्यता देतो.