काळ्या मातीतला जादूचा धातू

काल्पनिक जगांच्या गोष्टींत एक धातू हमखास भेटतो. चांदीसारखा लखलखणारा, हातात वजन जाणवू नये इतका हलका, पोलादाला भारी पडणारा आणि शंभर पावसाळे झेलूनही न गंजणारा. तो एकाच डोंगराच्या पोटात मिळतो किंवा आकाशातून पडतो, आणि तो घडवण्याची विद्या एखाद्याच घराण्याला ठाऊक असते. जळगाव-धुळ्याकडची शाळा-कॉलेजातली मुलंही आता अशी जगं रचतात, त्यांचे नकाशे काढतात, त्यावर खेळ बेततात. मग कुणीतरी विचारतंच: असा धातू खरोखर असू शकतो का?

असतो. त्याचं नाव टायटॅनियम. आणि खानदेशातल्या मुलांना त्यासाठी दूरचा डोंगर शोधावा लागत नाही. कपाशीच्या शेतात उभं राहिलं तरी तो पायाखाली असतो.

आधी आकाशातल्या धातूचं पाहू. लोखंड वरून पडतं, हे खरं आहे. १६२१ च्या एप्रिलमध्ये जालंधरजवळ पडलेल्या उल्केचं लोखंड जहांगीर बादशहाने मागवून घेतलं आणि उस्ताद दाऊद या कारागिराकडे सोपवलं. ते हातोड्याखाली टिकेना, फुटू लागलं. तेव्हा तीन भाग उल्केचं आणि एक भाग साधं लोखंड मिसळून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी घडवली गेली, अशी नोंद जहांगीरच्या आत्मचरित्रात आहे. खानदेशातही १८४३ मध्ये मानेगावला उल्का पडली होती. ती मात्र दगडी जातीची, धातू जवळजवळ नसलेली. त्या जातीचे दगड वेस्टा नावाच्या लघुग्रहावरून येतात असं मानलं जातं, त्यामुळे अभ्यासकांना तिचं मोल मोठं आहे. पण तिच्यातून तलवार काही झाली नसती.

खानदेशाचा धातू आला तो जमिनीखालून. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर साचले आणि दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. या बेसॉल्टमध्ये टायटॅनियमचं ऑक्साइड साधारण दोन ते तीन टक्के असतं. पृथ्वीच्या कवचात विपुलतेच्या क्रमाने टायटॅनियम नववं मूलद्रव्य आहे; तांबं, जस्त, शिसं हे नेहमीच्या वापरातले धातू त्याच्या कितीतरी मागे राहतात. दगड झिजला, त्याची काळी माती झाली, पण टायटॅनियमचे कण पाण्यात विरघळत नसल्याने मागे उरले.

हे स्वतः तपासता येतं. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा आणि तापी किंवा गिरणेच्या कोरड्या वाळूतून फिरवायचा. बारीक काळे कण त्याला दाढीसारखे चिकटून येतात. हे बहुतांशी मॅग्नेटाइट नावाचं लोखंडाचं खनिज, आणि दख्खनच्या मॅग्नेटाइटमध्ये लोखंडाच्या जोडीला टायटॅनियम मिसळलेलं असतं.

आता थोडा हिशेब. एक एकर जमिनीचा फूटभर खोलीचा थर घेतला तर माती भरते जवळपास दीड हजार टन. तिच्यात टक्काभर टायटॅनियम धरलं, तरी एका एकरात पंधरा टन धातू झाला. इतका धातू पायाखाली असलेला माणूस गोष्टीतल्या राजापेक्षा श्रीमंत ठरावा. पण या पंधरा टनांतला एक तोळाही कुणाला सुटा करून परवडणार नाही. तो कणाकणांत विखुरलेला आहे, आणि प्रत्येक कणात ऑक्सिजनने त्याला घट्ट धरून ठेवलं आहे. हा धातू दुर्मीळ वाटतो तो या पकडीमुळे, आणि त्याची खरी गोष्टही इथूनच सुरू होते.

१७९१ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्रीने ओढ्यातली अशीच काळी, चुंबकाला चिकटणारी वाळू तपासली. तिच्यात लोखंडाखेरीज आणखी एका अनोळखी धातूचं ऑक्साइड आहे, हे त्याने ओळखलं. चार वर्षांनी जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोथने दुसऱ्या खनिजात तेच शोधलं आणि त्याला टायटॅनियम हे नाव दिलं. धातू सापडला, त्याला नाव मिळालं, पण शुद्ध रूपात तो हाती यायला १९१० साल उजाडावं लागलं. त्या वर्षी अमेरिकेत मॅथ्यू हंटरने तो वेगळा केला. मधली जवळपास एकशेवीस वर्षं रसायनशास्त्राचा केवढा काळ! याच काळात मूलद्रव्यांची आवर्तसारणी तयार झाली, वीज घरांत येऊ लागली, किरणोत्सर्ग कळला. आणि हा धातू ऑक्सिजनच्या मुठीतून सुटेना.

लोखंडाचं काम सोपं असतं. खनिज कोळशाबरोबर भट्टीत घातलं की कोळशातला कार्बन ऑक्सिजन ओढून घेतो आणि लोखंड मोकळं होतं. टायटॅनियमवर हाच उपाय केला तर ते कार्बनशीच संयोग पावतं आणि हाती येतं ठिसूळ कार्बाइड. उघड्या हवेत तापवलं तर पुन्हा ऑक्सिजन पकडतं. हवेतला नायट्रोजन एरवी कुणाच्या वाट्याला जात नाही, पण टायटॅनियम त्याच्यातही जळतं.

लक्झेंबर्गच्या विल्हेल्म क्रोलने १९३० आणि ४० च्या दशकांत बांधलेली वाट आजही वापरात आहे. खनिजाची क्लोरीनशी क्रिया घडवून आधी टायटॅनियम टेट्राक्लोराइड करायचं. हा चक्क द्रव असतो, १३६ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणून ऊर्ध्वपातनाने शुद्ध करता येतो. दमट हवा लागली की त्यातून दाट पांढरा धूर निघतो. युद्धात धुराचे पडदे उभारायला तो वापरलेला आहे. मग बंद पोलादी पात्रात, आर्गॉन वायूच्या पहाऱ्यात, वितळलेल्या मॅग्नेशियमवर तो सोडायचा. आठशे-नऊशे अंशांच्या तापमानात मॅग्नेशियम क्लोरीन काढून घेतं आणि तळाशी राखाडी, सच्छिद्र गोळा उरतो. त्याला टायटॅनियम स्पंज म्हणतात. एकेक घाणा निघायला कित्येक दिवस जातात, आणि नंतर निर्वात भट्टीत स्पंज वितळवावा लागतो तो वेगळाच. गोष्टीतल्या लोहाराचे मंत्र याहून अवघड नसतील.

एवढं करून मिळतं काय? एक लिटर लोखंडाचं वजन ७.९ किलो भरतं, टायटॅनियमचं ४.५. जळगावच्या सराफ्यातलं सोनं याच मापाला १९.३ किलो भरेल. टायटॅनियमच्या ॲल्युमिनियम-व्हॅनेडियमयुक्त मिश्रधातूची ताकद साध्या बांधकामाच्या पोलादाच्या दुपटीच्या आसपास जाते. शुद्ध टायटॅनियम १६६८ अंशांना वितळतं, म्हणजे लोखंडाच्याही पुढे. न गंजण्याचं कारण मात्र मला सगळ्यांत सुंदर वाटतं. ज्या ऑक्सिजनने त्याला कोट्यवधी वर्षं कैदेत ठेवलं, तोच ऑक्सिजन धातूच्या पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा थर बनून त्याचं रक्षण करतो. ओरखडा उठला तर थर तत्काळ पुन्हा भरून येतो. विजेचा दाब देऊन हाच थर जाड केला की प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून निळे, जांभळे, सोनेरी रंग दिसू लागतात. रंगाचा एक थेंबही न लावता.

जग रचणाऱ्या मुलांना एक सल्ला जरूर द्यावासा वाटतो. अशा धातूचं चिलखत करा, ढाल करा, पण तलवार करू नका. टायटॅनियम मजबूत आहे, मात्र कडक केलेल्या पोलादाइतकं कठीण नाही. त्याची धार लवकर बोथट होते. सगळेच गुण एका धातूत आले तर गोष्टीला चव राहत नाही, आणि निसर्गातही तसं होत नाही.

कारस्थानांच्या बाबतीत तर वास्तव कल्पनेला मागे टाकतं. अमेरिकेचं एसआर-७१ हे हेरविमान ध्वनीच्या तिप्पट वेगाने उडायचं. त्या वेगात हवेमुळे विमानाचा पत्रा इतका तापतो की ॲल्युमिनियमला ते सोसलं नसतं, म्हणून ते मुख्यतः टायटॅनियमचं बांधलं. त्यासाठी लागणारं बरंचसं टायटॅनियम मधले व्यापारी उभे करून सोव्हिएत संघाकडून मिळवलं गेलं, म्हणजे ज्याच्यावर हेरगिरी करायची त्याच्याकडूनच.

मला स्वतःला त्याची वैद्यकातली कामगिरी जास्त मोलाची वाटते. १९५२ मध्ये स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशांच्या हाडातलं रक्ताभिसरण बघण्यासाठी टायटॅनियमची बारीक उपकरणं बसवत होते. काम संपल्यावर ती निघेनात; हाडाने धातूला आपलं मानून घेतलं होतं. १९६५ मध्ये याच पायावर पहिल्या रुग्णाला दाताचं रोपण झालं. आज धुळ्यात किंवा भुसावळात कुणाच्या जबड्यात दाताचा स्क्रू बसतो, कुणाच्या खुब्यात सांधा बसतो, तेव्हा बहुतेकदा हाच धातू हाडाशी एकजीव होतो. निकेलबरोबर त्याचा मिश्रधातू केला तर त्याला आकाराची आठवणही राहते. थंड असताना वाकवून ठेवलेली तार ऊब मिळताच मूळ आकारात येते. काही रक्तवाहिन्यांतले स्टेंट याच गुणावर चालतात: मिटवून आत सोडायचे, शरीराच्या उबेला ते आपले आपण उमलतात.

ऑक्साइडच्या रूपात तर तो घरोघरी आहेच. भिंतीचा पांढरा रंग, टूथपेस्ट, पीव्हीसी पाइपांना उन्हापासून जपणारी पांढरी पूड, सगळं टायटॅनियम डायऑक्साइड. शेतात उघड्यावर पडलेल्या पाइपात तो आहे आणि पाइपाखालच्या मातीतही आहे.

खनिज म्हणून मात्र भारतात त्याचा उपसा किनाऱ्यावरच्या वाळूतून होतो, कारण लाटांनी जड कण वेगळे काढून ठेवलेले असतात. केरळात चवऱ्याला २०११ मध्ये इस्रोच्या पाठबळाने स्पंजचा कारखाना सुरू झाला, वर्षाला ५०० टन क्षमतेचा. पद्धत क्रोलचीच.

ॲल्युमिनियमचंही एकेकाळी असंच होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते मौल्यवान धातूंच्या पंगतीत बसे. १८८६ मध्ये हॉल आणि एरू यांनी स्वतंत्रपणे विजेने ते सोडवण्याची रीत काढली आणि पुढे ते घराघरातल्या पातेल्यांपर्यंत पोचलं. टायटॅनियमसाठी तशी रीत केंब्रिजच्या संशोधकांनी २००० साली मांडली: वितळलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये वीज सोडून ऑक्साइडमधला ऑक्सिजन थेट ओढून काढायचा. प्रयोगशाळेत ते जमतं. क्रोलच्या पद्धतीची जागा घेण्याइतकं मोठ्या प्रमाणावर अजून जमलेलं नाही. ते ज्या दिवशी जमेल, त्या दिवशी जग रचणाऱ्या मुलांना आपल्या गोष्टींसाठी दुसरा धातू शोधावा लागेल.