ट्रकचा क्लच: ओरिजिनल घ्यावा की बाजारचा?

अवजड ट्रकचा क्लच बदलायचा तर आधी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तो खाली आला आणि जळकी प्लेट बाहेर निघाली की मेकॅनिक मालकाला फोन लावून विचारतो, ‘शेठ, ओरिजिनल टाकू की बाजारचा?’ दोहोंच्या किमतीत बराच फरक असतो, गाडी उभी असल्याने भाडे बुडत असते आणि निर्णय बहुतेक वेळा पाच मिनिटांत, केवळ किमतीवर होतो. त्या पाच मिनिटांत विचारण्याजोगे प्रश्न वेगळे आहेत आणि ते समजायला क्लचच्या आत काय घडते ते पाहावे लागते.

इंजिनाबरोबर फिरणारे फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) पुढे गिअरबॉक्सकडे जातो तो या दाबामुळे निर्माण होणाऱ्या घर्षणाच्या बळावर. क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: घर्षणाच्या बाजू (एका प्लेटला दोन), घर्षण गुणांक, स्प्रिंगचा दाब आणि प्लेटची सरासरी त्रिज्या. उदाहरणादाखल ३९५ मिलिमीटर व्यासाची प्लेट घेऊ. तिची सरासरी त्रिज्या १६ सेंटिमीटर, घर्षण गुणांक ०.३ आणि दाब १६,००० न्यूटन धरला, तर क्षमता सुमारे १,५३६ न्यूटन-मीटर येते. इंजिन ८०० न्यूटन-मीटरचे असेल तर गरजेच्या जवळजवळ दुप्पट क्षमता हाताशी राहते. आता प्लेट तापून घर्षण गुणांक ०.२ वर आला असे समजू; क्षमता १,०२४ वर उतरते, तरीही गाडी चालते. पण त्याच वेळी स्प्रिंगही कमजोर होऊन दाब १२,००० न्यूटनवर आलेला असेल तर क्षमता ७६८ होते आणि भरलेला ट्रक चढावर स्लिप मारू लागतो. लायनिंग (प्लेटवरचा घर्षणाचा थर) थोडे हलके आणि स्प्रिंग थोडी नरम, असे दोन किरकोळ वाटणारे दोष एकत्र आले की राखीव क्षमता संपते. नवा क्लच बसवून सपाट रस्त्यावर चक्कर मारली तर या दोषांचा पत्ताही लागत नाही.

क्लचला मारते ती उष्णता. इंजिनाचा वेग स्थिर ठेवून सपाट रस्त्यावर ट्रक उचलला तर ट्रकला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच क्लच घसरताना उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. २८ टनांचा भरलेला ट्रक पहिल्या गिअरमध्ये उचलून ताशी ५ किलोमीटरला क्लच पूर्ण लागला, तर सुमारे २७ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. तोच ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये उचलला आणि क्लच ताशी ८ किलोमीटरला लागला, तर हा आकडा ६९ किलोज्यूलवर, म्हणजे अडीचपट होतो. चढावर त्यात आणखी भर पडते, कारण टॉर्कचा मोठा हिस्सा गाडी मागे न घसरू देण्यातच खर्ची पडतो आणि क्लच जास्त वेळ घसरत राहतो. न्हावाशेव्याच्या बंदराबाहेरच्या रांगेत किंवा कसारा घाटातल्या कोंडीत ड्रायव्हर हाफ क्लचवर गाडी पुढे सरकवत राहतो, तेव्हा एका उचलीची उष्णता निघून जाण्याआधीच दुसरी तिच्यात मिसळते.

या उष्णतेला तोंड देते ते लायनिंग. ट्रकच्या नेहमीच्या ऑरगॅनिक लायनिंगमध्ये काचेचे किंवा अॅरॅमिडचे धागे, तांब्या-पितळेची बारीक तार, रबर आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारे फिनॉलिक रेझिन असते. ठरावीक तापमानापुढे रेझिनचे विघटन होऊ लागते, त्यातून वायू सुटतात, घर्षण कमी होते आणि झीज झपाट्याने वाढते. क्लच जळाल्याचा तो ओळखीचा उग्र वास याच रेझिनचा असतो. चांगल्या आणि सुमार लायनिंगमधला फरक रंगावरून किंवा जाडीवरून कळत नाही. तो मिश्रणात, दाबून भाजण्याच्या प्रक्रियेत आणि घर्षण गुणांक किती तापमानापर्यंत टिकतो यात असतो. तांबे-लोखंडाच्या भुकटीपासून बनवलेली सिरॅमिक बटणांची प्लेट जास्त तापमान सोसते, पण ती झटक्याने पकडते. तो झटका पुढे गिअरबॉक्स, जॉइंट आणि डिफरेन्शियलला सोसावा लागतो. ‘प्लेट सारखी जळते, बटणवाली टाका’ हा सल्ला म्हणूनच डोळे झाकून घेऊ नये.

प्रेशर प्लेटमधली डायफ्राम स्प्रिंग ही पोलादाची किंचित फुगीर थाळी असते. लायनिंग झिजत जाते तसा तिचा दाब आधी थोडा वाढतो आणि मग उतरतो. झिजेची मर्यादा येईपर्यंत दाब पुरेसा राहील अशा बेताने तिचा आकार ठरवलेला असतो. जुन्या पद्धतीच्या कॉइल स्प्रिंगमध्ये दाब झिजेबरोबर कमीच होत जातो. डायफ्रामचा हा गुण जाडीतल्या लहानशा फरकानेही बिघडतो, आणि पोलादाला योग्य तापमानाचे पाणी दिलेले नसेल तर उष्णतेने थाळी कायमची बसते. बाहेरून नक्कल करायला सोपा आणि आतून करायला अवघड असा हा भाग आहे.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे प्लेटच्या मध्यभागातल्या, इंजिनाचे धक्के शोषून घेणाऱ्या छोट्या डॅम्पर स्प्रिंगा. डिझेल इंजिन सलग फिरत नाही, ते ठोक्याठोक्याने फिरते. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडर इंजिनात दर फेऱ्याला तीन ठोके पडतात, चार सिलिंडरमध्ये दोन. म्हणजे ६०० फेऱ्यांच्या आयडलला पहिल्यात सेकंदाला ३० आणि दुसऱ्यात २० ठोके बसतात. डॅम्परचा कडकपणा त्या त्या इंजिनाचे ठोके आणि त्या गिअरबॉक्सचे वजन पाहून ठरवलेला असतो. व्यास तोच, दातेही तेच, त्यामुळे दुसऱ्या मॉडेलची प्लेट चपखल ‘बसते’. मात्र आयडलला गिअरबॉक्स खडखडू लागतो आणि शाफ्टचे दाते हळूहळू कुरतडले जातात. वाचलेले पैसे त्या शाफ्टच्या बिलात कधीच निघून जातात.

आता खोक्याकडे येऊ. क्लच बहुतेक वेळा ट्रक बनवणारी कंपनी स्वतः तयार करत नाही. लूक, सॅक्स, व्हॅलिओ, एक्सेडी हे जगभरचे मोठे क्लच उत्पादक आहेत, आणि भारतात गुजरातमधल्या कालोलची सेटको ‘लाइप’ नावाने अवजड वाहनांचे क्लच बनवते. ट्रक कंपनीला क्लच पुरवणारा उत्पादकच आपल्या नावाच्या खोक्यातूनही माल विकतो, आणि तो सहसा स्वस्त पडतो. म्हणून ‘बाजारचा’ या एका शब्दात तीन वेगळे माल दडलेले असतात: मूळ पुरवठादाराचा, दुसऱ्या एखाद्या उत्पादकाने आपल्या नावाने बनवलेला, आणि नामांकित खोक्यातला चक्क बनावट. माझ्या मते गाडीची वॉरंटी संपली असेल तर पहिला प्रकार सर्वांत शहाणपणाचा आहे. वॉरंटी असेपर्यंत ट्रक कंपनीचाच भाग वापरावा. मात्र पुरवठादाराचे नाव पाहून थांबू नये, भाग क्रमांक आपल्याच मॉडेलचा आहे ना हे कंपनीच्या कॅटलॉगशी ताडून पाहावे. बनावट मालाचा धोका टाळायचा तर अधिकृत विक्रेता, पक्के बिल आणि खोक्यावरचा कोड तपासणे, एवढे तरी करायलाच हवे.

जुन्या प्लेटवर नवे लायनिंग रिव्हेट करून घेण्याचा मार्ग सर्वांत स्वस्त आहे आणि अवजड ट्रकसाठी तो मला मान्य नाही. त्यात थकलेल्या डॅम्पर स्प्रिंगा तशाच राहतात, हे एक कारण. दुसरे अधिक गंभीर आहे. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी सोडली तर प्लेटला इंजिन नव्हे, चाके फिरवतात. पहिल्या गिअरमध्ये ताशी ५ किलोमीटरला प्लेट मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल, तर ४० किलोमीटरला ती ९,६०० फेरे घेईल. बाहेर फेकणारे बल वेगाच्या वर्गाने वाढते. इंजिनाच्या कमाल वेगाच्या चौपट फेऱ्यांना ते सोळापट होते आणि लायनिंगच्या चिंधड्या उडू शकतात. चांगले उत्पादक लायनिंग किती फेऱ्यांना फुटते याची चाचणी घेतात. कोपऱ्यावरच्या दुकानात रिव्हेट ठोकलेल्या लायनिंगची अशी चाचणी कोणी घेतलेली नसते.

शेवटी, भाग कितीही अस्सल असला तरी तो कशावर टेकतो हे पाहावे. फ्लायव्हीलवर निळसर-काळे डाग दिसत असतील तर तिथले बीड अतोनात तापलेले आहे. काही ठिकाणी ते इतके कडक झालेले असते की लेथवर फेस मारताना (पृष्ठभाग सपाट करताना) टूल तिथे उडी मारते. हा कडक ठिपका फ्लायव्हीलवर उंचवट्यासारखा राहिला की नवी कोरी प्लेटही गाडी उचलताना थरथरते. असे डाग फेस मारूनही निघत नसतील तर फ्लायव्हील बदलावे. प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकाच संचातले घ्यावे, पायलट बेअरिंगही त्याच वेळी टाकावे, कारण छोट्याशा बेअरिंगसाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची मजुरी तितकीच पडते. आणि गाडी बाहेर काढल्यावर सुरुवातीचे काही दिवस पूर्ण लोड घेऊन घाट चढवू नये, कारण लायनिंगचा सगळा पृष्ठभाग फ्लायव्हीलला टेकायला थोडी झीज व्हावी लागते आणि तोवर दाब मोजक्याच उंचवट्यांवर पडत असतो.